दोरीवरची पुस्तकं

शनिवार. सकाळची शाळा. माण तालुक्यातली एक वाडी आणि तिथली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरीच्या वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नायलॉनची दोरी बांधली आहे आणि कपडे वाळत घालावेत तशी तिच्यावर गोष्टीची पुस्तकं टांगली आहेत. दोरी किती उंचीवर बांधायची? पहिलीतल्या सगळ्यात बुटक्या मुलाला बाईंनी भिंतीशी उभं केलं, हात वर करायला सांगितलं आणि तिथेच खिळा ठोकला.

(निवेदन थांबेल. पानांची फडफड, मुलांची ओढाओढ.)

समोरच्या भिंतीवर टीव्ही दिसतोय. २०१५ मध्ये राज्य सरकारचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर गावोगाव लोकवर्गणी निघाली, शाळा डिजिटल झाल्या. या वाडीनंही पदरमोड करून हा टीव्ही आणला. त्यावर कविता लागली की मुलं नाचतात, दोन दिवसांत ती पाठही होते. मुलांना ते आवडतं आणि आवडू द्यावं. पण कविता पाठ असणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. हा फरक पहिलीच्या वर्गात, मुलाच्या शेजारी मांडी घालून बसलं तरच कळतो.

या मुलीचं बोट पाहा. शब्द आहे 'किरण'. बोट आधी वेलांटीवर टेकलं. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, तोंडात मात्र 'क'च्या नंतर येते. बोट पुढे सरकलं, अडलं, पुन्हा मागे आलं. कि. मग 'र'. मग 'ण'. तेवढा वेळ पान तिच्यासमोर तसंच राहिलं. व्हिडिओत हाच शब्द उमटतो, कुणीतरी गोड आवाजात तो वाचून टाकतं आणि पुढचा शब्द येतो. टीव्ही थांबवता येतो, हे खरं. पण रिमोट एक आणि मुलं तेवीस, प्रत्येकाची अडायची जागा निराळी.

हा दुसरीतला मुलगा 'सूर्य'पाशी अडलाय. 'र' म्हणायचा आधी, दिसतो मात्र 'य'च्या डोक्यावर. त्याला वेळ लागणार आहे. आपणही थांबू.

(दहा सेकंद निवेदन नाही.)

आता पुस्तकांचा दवाखाना. आठवडाभरात फाटलेली पुस्तकं शनिवारी मधे ठेवायची आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. आधी सुटी पानं जुळवायची. पानाचा आकडा फाटून गेला असेल, तर गोष्टीत आधी काय घडलं ते आठवावं लागतं. आमच्या मते या वर्गातला सगळ्यात चांगला वाचनाचा तास हाच.

तोवर चिकटवायची खळ होते. मैदा थंड पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मंद आचेवर ठेवायचा आणि हात न थांबवता ढवळायचा. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायचा. बाइंडर मंडळी कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी, म्हणून इथे घालत नाहीत. खळ त्या दिवसापुरतीच करतात.

फाटलेल्या ओळीवर पांढऱ्या पतंगी कागदाची पट्टी बसते, खालची अक्षरं तिच्यातून दिसत राहतात. शिवण बाई स्वतः घालतात. घडीवर दाभणानं तीन भोकं, दोऱ्याला मेण. सुई मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. गाठ आतल्या बाजूला. पुस्तकाच्या पाठीला जुन्या सुती साडीची पट्टी. वर वजन म्हणून पोषण आहाराच्या मटकीची पिशवी.

टीव्हीसाठी एकदा वर्गणी काढली की काम भागतं. पुस्तकं हाताळली की फाटतात आणि दरवर्षी नवी लागतात. पाठ्यपुस्तकं मुलांना मोफत मिळतात, पण दोरीवरची ही पुस्तकं त्यांत येत नाहीत. ती बाईंनी जमेल तशी जमवली आहेत.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पहिलीचा वर्ग मोबाइलवर आला. मुलांना किती वाचता येतं हे तपासणाऱ्या 'असर' या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के उरली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांवर आली. म्हणजे फार तर जिथे होतो तिथे पोचलो. तिकडे स्वीडननं २०२३ मध्ये वर्गात छापील पुस्तकं परत आणण्यासाठी सरकारी पैसा बाजूला काढला.

मटकीची पिशवी सोमवारी उचलली. साडीची निळी पट्टी लावलेलं पुस्तक दोरीवर गेलं आणि लगेच खालीही आलं. ज्यानं पानं जुळवली होती, त्यानंच ते ओढलं.

(यापुढे निवेदन नाही. मुलाचा वाचण्याचा आवाज शेवटपर्यंत राहू द्यावा.)