तिसरा हिस्सा लोकांचा

श्रोतेहो, नमस्कार.

बडोद्यातल्या ग्रंथालयांचा विषय निघाला की आपण बडोदेकर हटकून सयाजीराव महाराजांचं नाव घेतो. अभिमानानं घेतो आणि बहुतेक वेळा तिथंच थांबतो. आज मला त्या ग्रंथालयांच्या जमाखर्चातली एक बाब सांगायची आहे. इंटरनेटवरच्या शिक्षणाविषयी सध्या जे बोललं जातं, त्यात नेमकी तीच बाब राहून जाते असं मला वाटतं.

1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू झाला. मुलं लिहा-वाचायला लागली. पण शाळा सुटल्यावर हाताशी पुस्तकच नसेल, तर शिकलेली अक्षरं चार वर्षांत पुसली जाणार, हे महाराजांच्या ध्यानात आलं होतं. म्हणून 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतलं. मांडवीकडच्या सेंट्रल लायब्ररीची घडी त्यांनी बसवली. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या गावोगाव पाठवण्याची सोय झाली. ज्यांना वाचताच येत नाही त्यांना मॅजिक लँटर्नवर, म्हणजे काचेवरचं चित्र पडद्यावर मोठं करून दाखवणाऱ्या दिव्यावर, चित्रं दाखवली जात, पुढे सिनेमाची यंत्रंही आली. 1912 मध्ये ग्रंथालयांना वाहिलेलं एक नियतकालिक इथून निघू लागलं, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत.

आता ती बाब. गावाला स्वतःचं ग्रंथालय हवं असेल, तर गावकऱ्यांनी आधी वर्गणी काढायची. जेवढी वर्गणी जमेल तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देणार आणि तेवढीच सरकार देणार. अर्थात त्याला वरची मर्यादा होती. राजा देऊ शकत नव्हता असं नाही, सगळा खर्च त्यानं उचलला असता. पण एक हिस्सा लोकांचा, ही अट होती. ज्या गावानं घरोघर फिरून पैसे जमवले, ते गाव आपलं कपाट उधईला खाऊ देत नाही. तिथं कुठली पुस्तकं हवीत यावर पारावर वाद होतात. मला ही अट त्या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

शंभर वर्षांनी पुन्हा एकदा ज्ञानाची पेटी गावोगाव पोचू लागली. 2001 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं आपले अभ्यासक्रम सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुले करण्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक साधनं’ ही कल्पना रूढ झाली. आपल्याकडे 2003 मध्ये आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं मिळून एनपीटीईएल हा अभियांत्रिकी आणि विज्ञानाचे अभ्यासक्रम इंटरनेटवर देणारा प्रकल्प सुरू केला. 2017 मध्ये ‘स्वयम्’ हे सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं, शाळांसाठी तसंच ‘दीक्षा’ आलं. कारेलीबागेतल्या मुलाला आज मद्रास आयआयटीच्या प्राध्यापकांचं व्याख्यान घरबसल्या ऐकता येतं. ही लहानसहान गोष्ट नाही.

पण नुसतं फुकट मिळालं म्हणजे खुलं झालं, असं नाही. यूट्यूबवरचा भूमितीचा धडा फुकट बघता येतो. त्यातली दोन उदाहरणं बदलून, आवाज मराठीत देऊन तो आपल्या वर्गासाठी पुन्हा मांडायचा म्हटलं, तर मूळ माणसाची परवानगी लागते. खुलं साधन म्हणजे ज्याच्यासोबत ही परवानगी आधीच दिलेली असते. घ्या, जपून ठेवा, बदला, दुसऱ्याशी जोडा, पुढे द्या. शेजारणीनं दिलेल्या विरजणासारखं हे आहे. आपण दही लावायचं आणि त्यातलं चमचाभर तिसऱ्या घरी पोचवायचं, देणाऱ्याचं काही कमी होत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे परवाने 2002 च्या अखेरीस याचसाठी आले. कोणी म्हणतं, माझं नाव लावा, मग हवं ते करा. कोणी म्हणतं, तुम्ही बदललेलंही असंच खुलं ठेवा. धड्याच्या खाली असतात त्या ओळी. आपण त्या कधी वाचत नाही, आणि म्हणून हातात आलेल्या हक्काचाही आपल्याला पत्ता नसतो.

2008 मध्ये कॅनडातल्या जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स या दोघांनी इंटरनेटवर सगळ्यांना खुला असा एक अभ्यासक्रम चालवला. फी भरून बसलेले विद्यार्थी पंचवीसच्या घरात होते आणि जगभरातून विनामूल्य सामील झालेले दोन हजारांच्या वर. त्यांनी व्याख्यानं नुसती ऐकली नाहीत. टिपणं लिहिली, एकमेकांच्या टिपणांवर वाद घातले, आणि ते वाद हाच अभ्यासक्रमाचा मजकूर ठरला. पुढे मोठमोठ्या कंपन्या या क्षेत्रात आल्या, लाखांनी नावनोंदणी झाली, आणि शेवटपर्यंत पोचणारे मात्र फार थोडे उरले. कारण बघणाऱ्याला करायला काहीच ठेवलं नव्हतं. 2020 च्या टाळेबंदीत आपण हे घरात पाहिलं. एकच फोन, दोन भावंडं, संपत आलेला डेटा, आणि पडद्यावर आवाज बंद करून बसलेले चाळीस चौकोन. शिक्षकांनी जिवापाड मेहनत घेतली. पण त्या चौकोनांतल्या मुलांचा हिस्सा काय होता?

तो हिस्सा कसा असू शकतो, हे मी दांडिया बाजारातल्या एका घराच्या ओसरीवर पाहिलं. रविवारी सकाळी तिथं चार-पाच जणं जमतात आणि विकिस्रोतावर काम करतात. विकिस्रोत म्हणजे स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या पुस्तकांचं खुलं ग्रंथालय. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. अशा पुस्तकाचं पान स्कॅन करून चढवायचं. यंत्र ते वाचून अक्षरं टाईप करून देतं, पण जुन्या खिळ्यांच्या छपाईत त्याला भ आणि म कळत नाही, घ आणि ध कळत नाही. ‘धन’चं ‘घन’ होतं आणि वाक्याचा अर्थ कुठल्या कुठं जातो. म्हणून डावीकडे यंत्राचा मजकूर, उजवीकडे मूळ पान, आणि माणसानं ओळ न् ओळ ताडून बघायची. एकानं तपासलं की पानाची खूण पिवळी होते. दुसऱ्यानं पुन्हा तपासलं तरच हिरवी. एकट्याला पान हिरवं करताच येत नाही, ही त्यातली मला फार आवडलेली गोष्ट.

त्या दिवशी दहावीतली एक मुलगी अडली. पानावर ‘नांव’, ‘गांव’, ‘केलें’ असं छापलेलं, आणि ती भराभर टिंबं काढून टाकत होती. शेजारी बसलेल्या आजींनी तिचा हात धरला. “थांब गं. आम्ही असंच लिहायचो. 1962 चे नियम आले तेव्हा गेली ती टिंबं. पुस्तक त्याआधीचं आहे, जसं छापलंय तसंच ठेव.” मुलीनं टिंबं परत बसवली आणि लगेच आजींना शिकवलं, की फोनच्या कीबोर्डवर ळ आणि ऱ्य कसा काढायचा. अर्ध्या तासात दोघींनी मिळून दीड पान केलं. दीडच पान, पण ते आता नागपूरच्या, लंडनच्या, कुणाच्याही फोनवर उघडतं, आणि ते वाचण्याजोगं करणारे हात आपल्या गावचे आहेत. त्या मुलीला जुनी मराठी कुठल्याही तासाला समजली नसती इतकी तिथं समजली.

दुसरं उदाहरण आयआयटी मुंबईचं. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं तिथं ‘स्पोकन ट्युटोरियल’ उभं राहिलं. साधारण दहा मिनिटांचा धडा, पडद्यावर सॉफ्टवेअर इंग्रजीत, निवेदन मात्र मराठीत, गुजरातीत किंवा दुसऱ्या भारतीय भाषेत. अर्ध्या पडद्यावर धडा लावायचा, उरलेल्या अर्ध्यावर तेच स्वतः करत जायचं. आणि ध्वनिमुद्रणाआधी धड्याची संहिता अगदी नवख्या माणसाच्या हातात देतात. तो जिथं अडखळतो तिथं संहिता सुधारतात. ज्याला येत नाही तोच इथं परीक्षक असतो. शिकणाऱ्याच्या अडखळण्याला इतकी किंमत आपल्या वर्गांत कधी मिळाली आहे?

श्रोतेहो, या कामासाठी बडोद्याइतकं योग्य गाव शोधून सापडणार नाही. आपल्याकडच्या मराठी घरांतली मुलं आजीशी मराठीत बोलतात, सोसायटीत गुजरातीत भांडतात आणि शाळेत इंग्रजीत उत्तरं लिहितात. आपण याची खंत करत बसतो, की मराठी कच्ची राहिली. कच्ची असेलही, ती पिकवायला हवीच. पण विज्ञानाचा गुजराती धडा मराठीत आणायला किंवा मराठीतला गुजरातीत न्यायला या मुलांपेक्षा जवळची माणसं कोण? मराठी विकिपीडिया 2003 पासून चालू आहे, मराठी आणि गुजराती दोन्ही विकिस्रोत आहेत. बडोद्यातली जुनी वाडा-संस्कृती, इथले आखाडे, इथली तालीम-परंपरा, कलाभवन ही जुनी तंत्रशिक्षणाची शाळा यांबद्दल तिथं जे लिहायला हवं, ते आपल्याशिवाय दुसरं कोण लिहिणार?

काही जण मला विचारतात, आता यंत्र क्षणात भाषांतर करून देतं, मग माणसानं कशाला राबायचं? यंत्रानं केलेलं भाषांतर मी रोज वाचतो. खूप उपयोगी असतं, आणि अनेकदा गणिताच्या धड्यातला ‘पाया’ बांधकामातला होऊन बसतो. यंत्रही शेवटी जे खुलं लिहून ठेवलेलं आहे त्यातूनच शिकतं. मराठीत चांगलं, तपासलेलं लिखाण कमी असेल, तर यंत्राची मराठीही तशीच राहणार.

तेव्हा पुन्हा तीन हिश्श्यांचा हिशेब मांडू या. संगणक, स्कॅनर, नेटची जोडणी हा भार सरकारनं आणि महापालिकेनं उचलावा, आणि तो मागताना आपण संकोच करू नये. बसायला खोली गावातली ग्रंथालयं आणि शाळा देऊ शकतात, संध्याकाळी कितीतरी वर्ग रिकामे असतात. तिसरा हिस्सा आपला. तो पैशाचा नाही, रविवारच्या दोन तासांचा आहे.

सेवानिवृत्त शिक्षकांना माझी खास विनंती आहे. आपल्या कपाटात वर्षानुवर्षं हातानं काढलेली गणितं, व्याकरणाचे तक्ते, प्रयोगांच्या आकृत्या पडून असतील. दुसऱ्याच्या पुस्तकातून उतरवलेलं बाजूला ठेवा, स्वतःचं तेवढं निवडा. एखाद्या विद्यार्थ्याला हाताशी घ्या, त्याच्याकडून ते टाईप करून घ्या, आणि त्यालाच सोडवायला लावा, म्हणजे कुठं अडतं ते कळेल. शेवटी आपलं नाव आणि वर्ष घाला, आणि खाली एक ओळ लिहा: नावाचा उल्लेख करून हे कोणीही वापरावं, बदलावं आणि पुढे द्यावं. मे महिन्याच्या सुटीत मुलं मोकळी असतात. एका इयत्तेचा एकच धडा घेतला तरी सुटीत तो सहज पुरा होईल.

नमस्कार.