कीविनॉचा हिवाळा आणि अंगणातला ट्रेलर

(दृश्य: महामार्गाच्या कडेची बर्फ मोजायची उंच पट्टी)

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं हे उत्तर टोक, सुपीरियर सरोवरात घुसलेला कीविनॉ द्वीपकल्प. यूएस-४१ महामार्गालगतच्या या पट्टीवर १९७८-७९ च्या हिवाळ्याचा उच्चांक नोंदलेला आहे : ३९०.४ इंच. एका मोसमात जवळजवळ १० मीटर बर्फ! वायव्येचा गार वारा सरोवराच्या त्यामानानं उबदार पाण्यावरून येतो, वाटेत बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर पोचला की ते बर्फ होऊन कोसळतं.

अशा ठिकाणी हा ट्रेलर उघड्यावर उभा राहणार आहे. आत ओटा, पलंग, न्हाणी, सगळा संसार. गॅरेजमध्ये तो मावत नाही.

छपरावरचा बर्फ डोळ्यांत भरतो, पण ट्रेलरचा खरा घात होतो तो नळ्यांत राहून गेलेल्या पाण्यानं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. म्हणून खरं काम ऑक्टोबरातच उरकायचं असतं, पहिल्या मोठ्या बर्फाच्या आधी.

(दृश्य: मालकीणबाई गिझरचं झाकण उघडतात)

सांडपाण्याच्या टाक्या आधीच रिकाम्या झाल्या आहेत. आता गिझर. तो बंद करून पूर्ण गार होऊ दिलाय. आधी वरचा झडपेचा खटका उचलून दाब सोडायचा, मगच खालचा बूच पान्यानं फिरवायचा. घाई केली तर उकळतं पाणी अंगावर येतं. बुचाबरोबर बाहेर आली ही कांडी नीट बघा. ठिकठिकाणी खाल्लेली, मधे तर आतली तार उघडी पडलेली. टाकीचं पोलाद गंजू नये म्हणून ही कांडी स्वतः झिजते. ही आता बदलायला झाली.

मग सगळे नळ उघडे टाकायचे, जमिनीलगतचे निचऱ्याचे बूच काढायचे. तरी वळणावळणांत थोडं पाणी उरतंच. त्यासाठी हे गुलाबी अँटिफ्रीझ. हे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं. मोटारीच्या रेडिएटरमध्ये बहुधा घालतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. पिण्याच्या पाण्याच्या नळीत ते कधीही घालू नका. गिझरकडे जाणारी वाट आधी बंद केली आहे, नाहीतर अख्खी टाकी भरण्यातच बाटल्या संपतील. पंपाची छोटी नळी बाटलीत बुडवली, पंप सुरू. पहिला नळ : खाकरतो, हवा सोडतो, पाणी येतं, मग फिकट, मग गडद गुलाबी धार. आता गरम पाण्याचा नळ. मग न्हाणीचा फवारा, मग संडास. आणि बाहेरच्या बाजूचा फवारा, जो हमखास विसरला जातो. शेवटी प्रत्येक मोरीत पेलाभर ओतायचं, कारण जाळीखालच्या वळणातही पाणी साठलेलं असतं. कडाक्याच्या थंडीत या द्रवाचा लगदा होतो, पण तो नळी फोडत नाही.

हे केलं नाही तर जोड तडकतात, उन्हाळ्यात भिंतीआड गळतं आणि लाकूड कुजतं.

बॅटरी काढून घरात. शिसं-आम्लाची बॅटरी पूर्ण भरलेली असली तर कडक थंडी सोसते. उतरलेली मात्र गोठते.

(दृश्य: जानेवारी. ट्रेलरच्या फक्त खिडक्या दिसतात)

ट्रेलरवर ताडपत्री नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. बाईंनी ती मुद्दामच घातलेली नाही, आणि ते योग्यच आहे. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते आणि वाऱ्यानं फडफडणारी कड कोपरे घासून काढते. झाकायचंच असेल तर हवा खेळती ठेवणारं, मापाचं आच्छादन घ्या.

आता वजनाचा हिशेब. छप्पर साधारण १४ चौरस मीटर. त्यावर अर्धा मीटर दबलेला बर्फ, घनमीटरला २०० किलो धरला, तरी १,४०० किलो होतात. म्हणून थर चढू द्यायचा नाही. बाई छपरावर चढत नाहीत. जमिनीवर उभ्या राहून लांब दांड्याच्या, मऊ फोमच्या फावड्यानं बर्फ ओढतात. शेवटचा चार बोटांचा थर तसाच ठेवतात, कारण खाली रबराचा पापुद्रा आहे. गोठून चिकटलेल्या थराला तर हातही लावत नाहीत. तो ठोकून काढायला गेलं की छपराला भोक पडलंच म्हणून समजा.

ट्रेलरचा पुढचा भाग किंचित उचललेला दिसतोय ना? वितळलेलं पाणी मागे वाहून जावं म्हणून. चाकांखाली फळ्या आहेत.

(दृश्य: मे महिना, अंगणात चिखल)

नवी कांडी बसली, गिझरची वाट उघडली. नळांतून गुलाबी रंग जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायचं. मग सगळे नळ बंद करायचे आणि पंप चालू ठेवून कान द्यायचा. दाब भरला की पंप थांबायला हवा. कुणी नळ उघडलेला नसताना तो मधूनमधून आपोआप सुरू होत असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती सापडेपर्यंत ट्रेलर रस्त्यावर काढू नका.