पोर्चपर्यंतचे चाळीस फूट

(दृश्य: मे महिना. तडकलेली काळी जमीन, भेगेत मनगटापर्यंत गेलेला हात.)

परभणीकडची काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते. पावसाळ्यात भेगा मिटतात, माती पाणी पिऊन फुगते आणि वर जे असेल ते उचलते. कापसाला ही माती सोनं. गाडीच्या वाटेखाली मात्र हिच्यासारखी वैरीण नाही. बेसाल्टचा खडक झिजून ती झाली, आणि तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणखनिजाला फुगण्या-आकसण्याची खोडच आहे.

शेजारच्या घरापुढे बघा. फरशी मधे खचली, कडेला उठली, फाटक उघडताना घासतं. वरचं काम चांगलं होतं. खालची काळी तशीच राहिली होती.

गुरुजींना फाटकापासून पोर्चपर्यंत चाळीस फूट लांब, दहा फूट रुंद वाट हवी आहे. सकाळी दोरी लागली, फक्कीने कडा मारल्या. आधी प्रश्न नळाच्या पाईपचा. तो नेमका कुठून गेलाय, हे घरात फक्त काकूंना आठवत होतं. तेवढा पट्टा कुदळीने उकरला, बाकी जेसीबीला मोकळं रान.

खोदाई दीड फूट. म्हणजे सहाशे घनफूट; शंभराचा एक ब्रास धरून सहा ब्रास. पण उकरलेली माती सैल होऊन फुलते, त्यामुळे ट्रॉल्या सहापेक्षा जास्तच भरतात. गुरुजी हिशेब मांडून बसले होते, तो इथेच चुकला. माती वाया जात नाही म्हणा, मळ्यातल्या खड्ड्याला ती हवीच होती.

दीड फुटावरही एका कोपऱ्यात काळीच लागली. मिस्त्री वाकून ढेकूळ बोटांत चुरतात.

"गुरुजी, हितं अजून काळंच हाय. थांबायचं नाही."

अजून सहा इंच. पैसे जातात, पण ते इथेच घालवायचे. मिस्त्रींचं हे म्हणणं मला शंभर टक्के पटतं. वरच्या पेव्हरचा, म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांचा, रंग पुढच्या वर्षीही बदलता येईल, खालचा मुरूम नाही.

(दृश्य: मूठभर ओला मुरूम.)

आता मुरूम. दाबून आठ इंच हवा, पण एकदम ओतायचा नाही. दोन थर, प्रत्येकावर पाणी मारून बेबी रोलर. पाणी किती? मिस्त्री मूठ आवळतात. गोळा टिकला आणि हाताला पाणी सुटलं नाही, की बस. कोरडा मुरूम दबत नाही, चिखल झाला तर रोलरच रुततो. कोपऱ्यावर, भिंतीलगत रोलर पोचत नाही. तिथे हाताची धुमस, आणि कंटाळा करायचा नाही.

मुरमावर सहा इंच सोलिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, फटींत बारीक मुरूम. त्यावर दीड इंच कच, म्हणजे दगडाची बारीक चुरी, आणि साठ एमएमचा पेव्हर. सोलिंगआधी चार इंची पाईपचा तुकडा आडवा पुरून ठेवला. उद्या दिव्याची वायर न्यायची झाली तर वाट फोडायला नको.

उतार पाण्याच्या नळीने तपासला. दहा फुटांत तीन इंच, घरापासून दूर, बाजूच्या चारीकडे. कडेला काँक्रीटचा कर्ब, नाहीतर पेव्हर सरकत जातात. पाणी मुरमात शिरलं की काळीपर्यंत पोचणारच, म्हणून घाई मृगाच्या आधीची. उघड्या खड्ड्यात एक वळीव झाला असता, तर तळाचा राडा उपसून पुन्हा पहिल्यापासून.

(दृश्य: सांध्यांत बारीक वाळू झाडली जाते. संध्याकाळ.)

गाडी मुलाची. तो पुण्याहून येणार महालक्ष्म्यांना. तोवर चाळीस फूट सपाट, स्वच्छ, ऊन धरणारी जागा मोकळी. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी त्यावर धोतर अंथरलं आणि कुरडया घातल्या.