गोल चौकाचा हिशेब

हा चार रस्त्यांचा साधा चौक वरून पाहा. गाड्यांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात, मिळतात किंवा फुटतात, अशा ३२ जागा इथे आहेत. आता मधोमध गोल बेट बांधू आणि भोवती एकच लेन ठेवू. जागा उरल्या ८. छेदणारी तर एकही नाही! भरधाव गाडी दुसरीच्या कुशीत घुसते, तो सर्वांत जीवघेणा अपघात इथे क्वचितच घडतो. वळणामुळे वेग पडतो, धडक बसलीच तर तिरकी बसते. आणि वेग निम्मा झाला की गाडीची ऊर्जा एक चतुर्थांश होते. माणूस इथेही चुकतो, पण त्या चुकीपायी जीव सहसा जात नाही.

नुसतं बेट मात्र पुरत नाही. आत शिरणाऱ्याने आत फिरणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा नियम ब्रिटनने १९६६ साली सक्तीचा केला. अभियंता फ्रँक ब्लॅकमोर यांनी त्यासाठी मोठं काम केलं. त्याआधी गर्दी वाढली की अख्खं वर्तुळच अडकून पडायचं.

अमेरिकेत असे बदललेले २४ चौक तपासले गेले. २००० साली निष्कर्ष आले: एकूण अपघात ३९ टक्क्यांनी घटले, माणसं जखमी होणारे अपघात ७६ टक्क्यांनी.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. चौक सुधारायला घेतात तो बहुधा एखाद्या वाईट वर्षानंतर. पुढचं वर्ष, काहीही न करता, थोडं बरंच जातं. मग श्रेय बेटाचं की योगायोगाचं? संशोधकांनी तशाच इतर चौकांच्या नोंदींशी ताडून योगायोगाचा वाटा वजा केला आणि मगच हे आकडे मांडले. म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवावासा वाटतो.

पण ही सुरक्षितता सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या ९१ गोल चौकांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तिथे सायकलस्वार जखमी होण्याचे अपघात २७ टक्क्यांनी वाढले होते. कडेने सरळ फिरत राहिलेला सायकलस्वार आणि बाहेर पडण्यासाठी त्याला आडवी जाणारी गाडी, गाठ पडते ती इथे. वर्तुळातच आखलेली सायकलपट्टी तर पुढच्या अभ्यासात सर्वांत धोकादायक ठरली. वर्तुळापासून दूर, स्वतंत्र सायकलमार्ग असलेल्या चौकांची स्थिती त्याहून बरी होती. त्यामुळे हा मार्ग चौकाच्या पहिल्याच नकाशात आखलेला असला पाहिजे. बेट, पदपथ, गटारं बांधून झाल्यावर त्याला जागा कुठून मिळणार?