गंगापूर रोडनं हरसूलकडे

[दृश्य: जानेवारीतली पहाट. गिरणारे गावातला चौक. शेकोटी, पिकअप गाड्यांचे दिवे.]

नाशिकहून गंगापूर रोडनं पश्चिमेला निघालं, की धरणाचा परिसर मागे टाकून आपण गिरणाऱ्याला येतो. पहाटे इथं मजुरांचा बाजार भरतो. पेठ, हरसूल, त्र्यंबकच्या आदिवासी पाड्यांवरची माणसं कानाला फडकी गुंडाळून चौकात उभी असतात. बागायतदार येतात, रोज ठरतो आणि पिकअप भरून द्राक्षबागांकडे निघते.

गर्दीत मुलंही आहेत. कुणी धाकट्याला कडेवर घेतलंय, कुणी भाकरीचं गाठोडं सांभाळतंय. आज मंगळवार आहे. शाळेचा दिवस.

यांना शाळेत घातलंच नाही, असं समजू नका. आम्ही ज्यांच्याशी बोललो, त्या प्रत्येक मुलाचं नाव कुठल्या ना कुठल्या पटावर आहे. कुणाचं पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, कुणाचं आश्रमशाळेत. हजेरीपत्रकात नाव तिथं, मूल इथं.

[दृश्य: गाडी शहराकडे वळते. कॉलेज रोड, संध्याकाळ.]

याच रस्त्यानं उलटं शहराकडे जाऊ. वाटेत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ लागतं, १९८९ साली स्थापन झालेलं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. पुढे बंगले, सोसायट्या, कॉलेजं. आणि कॉलेज रोडला वळलं की क्लासचे फलक. जेईई, नीट, सीईटी. आठवीपासूनच फाउंडेशनच्या बॅच. खाली दुचाकीवर आईवडील मुलांची वाट पाहत थांबलेले. त्यांना आम्ही दोष देणार नाही. ऐपत असलेला कुठलाही बाप हेच करील.

पण या जिन्यावरून उतरणारा आठवीतला मुलगा आणि सकाळी गिरणाऱ्याच्या चौकात दिसलेला आठवीतला मुलगा, दोघंही चार वर्षांनी एकाच सीईटीला बसायचे आहेत. प्रश्नपत्रिका एकच, घड्याळही एकच. निकाल लागला की आपण एकाला हुशार म्हणणार.

[दृश्य: उदाजी मराठा बोर्डिंग.]

गंगापूर रोडवरच्या या वास्तूपाशी थोडं थांबायला हवं. १९१४ मध्ये नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला आणि त्याच सुमारास हे उदाजी मराठा बोर्डिंग. त्या काळी खेड्यातल्या कुणब्याच्या पोराला नाशिकला शिकायचं म्हटलं, तर फीच्या आधी दुसराच प्रश्न यायचा. रात्री पाठ टेकायची कुठं, आणि खायचं काय? १९२० साली बोर्डिंगच्या इमारतीची पायाभरणी करायला राजर्षी शाहू महाराज नाशिकला आले होते. कोल्हापुरात त्यांनी निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं काढली होती, प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. त्याही आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ब्रिटिश सरकारनं शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं होतं. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या करातून आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी सरकारला स्पष्ट सांगितलं.

निफाड-दिंडोरीकडच्या कित्येक शेतकरी घरांत शिक्षण आलं ते अशा बोर्डिंगांच्या वाटेनं. आज त्याच भागातल्या बागांमध्ये हरसूल-पेठची माणसं राबतात. शंभर वर्षांपूर्वी कुणब्याच्या पोरासमोर जो प्रश्न होता, तो आता त्यांच्या पोरांसमोर आहे.

[दृश्य: वाघेरा घाट. उतारावरची भातखाचरं, कापणी झालेली, कोरडी.]

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि एप्रिलमध्ये संपतं. या डोंगरांवरच्या घराचं वर्ष निराळं. जूनला भात, नागली, वरईची पेरणी. दिवाळीच्या आगेमागे कापणी. धान्य घरात येतं, पण वर्षाला पुरत नाही. पाऊस इथं धो धो पडतो आणि उतारावरून सगळा वाहून जातो, मग दुसरं पीक कशावर घेणार? नेमक्या त्याच दिवसांत खाली द्राक्षाचा हंगाम लागतो. छाटणी, मग मण्यांची विरळणी, घड औषधात बुडवणं, जानेवारीपासून तोडणी. दिवाळीनंतर खाली उतरलेलं बिऱ्हाड होळीला वर येतं.

म्हणजे शाळेचं जवळजवळ सगळं दुसरं सत्र बागेत जातं. वर्गात अपूर्णांक चालू असतात, तेव्हा मूल वेलीखाली धाकट्याला खेळवत असतं. एप्रिलला परीक्षा. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. सातवीत पोचेपर्यंत मधल्या किती पायऱ्या निसटल्या, ते मोजायला कुणी बसत नाही.

सरकारी कागदावर याला ‘गळती’ म्हणतात. मला हा शब्द टोचतो. नळ गळतो तसं मूल आपोआप गळत नाही. त्याला नेणारा एक दिवस ठरलेला असतो, एक गाडी ठरलेली असते, आणि पुष्कळदा बापानं पावसाळ्यातच घेतलेली उचल असते.

उपाय नाहीत असं नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलाला गावची शाळा शिक्षण हमी कार्ड देते. ते दाखवलं की जिथं बिऱ्हाड टेकलं, तिथल्या शाळेनं त्याला वर्गात बसवून घ्यायचं. मुलाला मागेच ठेवायचं असेल, तर हंगामी वसतिगृहाची योजना आहे. कार्ड चांगलंच आहे. पण बाग गावाबाहेर, शाळा गावात, आईबाप उजाडायच्या आत कामावर. मग मुलाला शाळेत सोडणार कोण? आणि गेलंच, तर घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोली बोलणारं ते मूल अनोळखी वर्गात मागच्या बाकावर गप्प बसतं.

[दृश्य: एसटी थांबा. दप्तर घेतलेल्या मुली.]

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत, असा नियम झाला. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागाही त्याच कायद्यातल्या. पण त्या जागा मिळायला आसपास खासगी शाळा असावी लागते. नाशिक शहरातल्या गरीब घराला त्याचा आधार आहे, पाड्यावरच्या घराला त्याचा काय उपयोग?

शिवाय चौदाव्या वर्षी हा कायदा हात सोडतो. नववीची शाळा लांब, आणि मुलगी असेल तर ते अंतर घरच्यांना आणखी लांब वाटतं. एसटीचा पास पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत आहे, त्या पासावर कितीतरी जणी दहावी झाल्या. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला, तो पुढचे काही महिने चालला. गाडीच नाही, तर पास घेऊन काय करायचं?

बारावीनंतर नाशिक. आदिवासी विभागाचं वसतिगृह मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर ‘स्वयंम’ योजनेचे पैसे थेट बँकेत येतात, त्यातून खोली आणि मेस भागवायची. हप्ता लांबला, तर मेसवाला थांबत नाही. त्यात जात पडताळणीचं प्रमाणपत्र. आजोबांच्या नोंदीचा कागद शोधत हिंडावं लागतं, आणि आजोबा शाळेची पायरी चढलेले नसतात.

[दृश्य: हिवाळीची जिल्हा परिषद शाळा.]

त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं हिवाळी. इथली मुलं एकाच वेळी दोन्ही हातांनी लिहितात, ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. आम्हाला त्याहून मोलाचं वाटलं ते शाळेचं वेळापत्रक. ही शाळा सुट्टीच्या दिवशीही भरते, आणि दिवसातले बरेच तास मुलं शाळेतच असतात. गावाच्या घड्याळाला शाळेनं आपलं घड्याळ जुळवलंय. एका शिक्षकाच्या जिद्दीतून हे घडलं. पण प्रत्येक पाड्याला असा जिद्दी माणूस मिळेल, या भरवशावर जिल्हा चालवता येत नाही. त्यासाठी जास्तीचे शिक्षक लागतात, दिवाळीच्या आधी उघडणारी वसतिगृहं लागतात.

[दृश्य: दिंडोरी तालुका. द्राक्षबागेच्या कडेला ताडपत्रीच्या झोपड्या.]

एका झोपडीत सातवीतली मुलगी भेटली. पिशवीत गणिताचं पुस्तक होतं. वर्ग आता कुठल्या धड्यावर आलाय, एवढंच तिनं विचारलं. आम्ही तिच्या गुरुजींना फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. तेरावा चालू आहे, म्हणाले.

तिनं पुस्तक उघडलं. पानाचा कोपरा दुमडलेला होता सहाव्या धड्यावर. तिथून तेराव्यापर्यंत तिनं एकेक पान उलटलं, बोटानं रेघ ओढत काहीतरी मोजलं. तेवढ्यात धाकटा रडायला लागला, तशी पुस्तक पिशवीत सारून ती उठली.