ऑफिस बंद, फोन चालू

[दृश्य: दोन अवजड टोइंग ट्रक, मध्ये ताणलेला झेंडा, खालून जाणारी मिरवणूक]

4 जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. तिथल्या एका गावातला मुख्य रस्ता. दोन अजस्र टोइंग ट्रक रस्त्याच्या दोन बाजूंना उभे आहेत. दोघांनी आपापले क्रेनचे दांडे आभाळात उचललेत आणि मधोमध फडकतोय भलामोठा झेंडा. त्याच्या सावलीतून शाळेचा बँड निघालाय. एरवी याच दांड्यांना उलटलेले ट्रक लटकतात.

झेंडा दांड्यालाच का? अमेरिकेच्या ध्वजसंहितेनुसार तो गाडीच्या बॉनेटवर किंवा टपावर पांघरायचा नसतो. उंच धरायला मात्र यांच्याइतकी सोय गावात दुसऱ्या कुणाकडे असणार!

[दृश्य: दुकानाच्या काचेवरची शुभेच्छांची पाटी]

आपल्याकडे ‘टोइंग आलं रे’ अशी हाक आली की माणूस हातातला चहा टाकून नो-पार्किंगमधल्या स्कूटरकडे धावतो. त्यामुळे तिथल्या टोइंगवाल्याने गिऱ्हाइकाला 4 जुलैच्या शुभेच्छा द्याव्यात, हेच मुळात गमतीचं वाटतं. गाड्या उचलून नेऊन शिव्या खाणारे तिथेही आहेत. पण हायवेवर, सामानसुमान आणि पोराबाळांसकट गाडी बंद पडली, की आठवतो तोही टोइंगवालाच.

म्हणून त्यांच्या शुभेच्छांना दोन ओळींची पुरवणी असते. सुट्टीनिमित्त ऑफिस बंद. ट्रक चोवीस तास चालू.

[दृश्य: दुपारचा हायवे, गाड्यांची रांग]

या दिवसांत काम किती? एएए ही तिथली वाहनचालकांची जुनी संघटना, 1902 सालची. 2025 च्या 4 जुलैच्या आठवड्यासाठी तिचा अंदाज होता, घरापासून पन्नास मैलांपलीकडे 7 कोटी 22 लाख लोक प्रवासाला निघतील आणि त्यातले 6 कोटी 16 लाख मोटारीने. त्यात ऊन. बॅटरी थंडीत दगा देते असं आपण समजतो, पण तिला आतून पोखरतो तो उन्हाळाच. कमी हवेचे टायर तापून फुटतात. शिवाय अनेक नव्या गाड्यांत स्टेपनी येतच नाही, आणि मालकाला ते कळतं पंक्चर झाल्यावर! म्हणून शुभेच्छांसोबत सूचनाही येतात: बॅटरी तपासा, हवा तपासा, डिकीत पाणी ठेवा.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं, टेनेसी राज्य]

या धंद्याचा जन्मही असाच एका फजितीतून झाला. 1916 साली टेनेसीतल्या चॅटनूगा शहराजवळ एका गृहस्थाची मोटार ओढ्यात पडली. त्याने गॅरेजवाल्या अर्नेस्ट होम्सना बोलावलं. दोरखंड, ठोकळे आणि सहा माणसं. गाडी वर यायला आठ तास लागले. होम्सना ते इतकं झोंबलं, की त्यांनी एका जुन्या कॅडिलॅकच्या सांगाड्यावर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवली. तोच पहिला टोइंग ट्रक. आज त्याच शहरात या धंद्याचं संग्रहालय आहे.

[दृश्य: संग्रहालयाबाहेरची भिंत. संगीत थांबतं.]

संग्रहालयाबाहेर एक भिंत आहे. कामावर असताना मेलेल्या टोइंग चालकांची नावं तिच्यावर कोरली आहेत. शेजारून भरधाव जाणारी गाडी, एवढंच कारण पुष्कळदा पुरतं. म्हणून विंचचे, म्हणजे तार गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राचे, खटके ट्रकच्या दोन्ही बाजूंना असतात आणि जाणता चालक रहदारीकडे पाठ करून कधी उभा राहत नाही. रस्त्याकडेला दिवे लुकलुकताना दिसले की शेजारची लेन सोडा किंवा वेग कमी करा, हा कायदा 1996 मध्ये साउथ कॅरोलायनाने पहिल्यांदा केला. तो करणारं शेवटचं, पन्नासावं राज्य हवाई. तिथे तो 2012 मध्ये आला. कायदा सगळीकडे आहे, पण तो ठाऊक नसलेले चालकही गाडी चालवतातच. सहलीला निघालेल्या आपल्या मराठी मंडळींनीही तो ध्यानात ठेवलेला बरा.

[दृश्य: रात्र. दूरवर आतषबाजी, जवळ पिवळे दिवे]

रात्री नऊनंतर गावावर शोभेची दारू उडू लागते. लोक हिरवळीवर सतरंज्या टाकून माना वर करून बसलेत. हायवेच्या कडेला सपाट पाठीचा ट्रक तिरपा झालाय, तार कुरकुरत गुंडाळली जातेय, आणि आतषबाजीचा आवाज झाला की ट्रकच्या मागच्या सीटवरचं पोर टाळ्या पिटतंय.

तेवढ्यात चालकाचा फोन वाजतो.

“सगळे सुखरूप आहात ना? रेलिंगच्या पलीकडे उभे राहा. आणि मैलाच्या पाटीवरचा आकडा सांगा.”