इल्मेटर : दुःख वाटून घेणारा देव

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या देवाबद्दल बोलायचं आहे, त्याचं देऊळ कुठल्याच गावात नाही. तो खेळातला देव आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, तोंडी गोष्ट रचत खेळायचा खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. त्यातलं फॉरगॉटन रेल्म्स हे जग १९८७ साली पेटीबंद संच म्हणून बाजारात आलं. त्या जगात देवांची मोठी गर्दी आहे. न्यायाचा देव टिर आणि निष्ठेचा देव टॉर्म यांच्या जोडीला तिसरा बसतो तो इल्मेटर. खूण म्हणजे मनगटाशी लाल दोरीनं बांधलेले दोन हात.

त्याला 'रडणारा देव' म्हणतात. रडणारा, बरं का, रडका नव्हे. रडका स्वतःसाठी रडतो, हा दुसऱ्यासाठी. आणि एक गैरसमज आधीच दूर करतो. इल्मेटरला दुःख आवडत नाही. वेदनेची आवड असलेली देवी वेगळी, तिचं नाव लोव्हियाटर, आणि तिच्याशी याचं हाडवैर आहे. इल्मेटर दुःख देत नाही, दुःख वाटून घेतो. पुन्हा सांगतो, देत नाही, वाटून घेतो. त्याचा पुजारी खेळायला घेणाऱ्यानं हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

त्याचे पुजारी करड्या रंगाचे साधे कपडे घालतात, दिवसातून निदान सहा वेळा प्रार्थना करतात आणि पट्ट्या, मलमं, मोडल्या हाडाला बांधायच्या कामट्या भरलेली झोळी खांद्याला लावून फिरतात. कॅलिमशान देशातल्या केल्टार इथं त्यांचं मोठं मंदिर आहे. प्रार्थनेवरून आठवलं. आपल्याकडची मुलं खेळताना सगळं मराठीत बोलतात आणि प्रार्थनेची वेळ आली की पाठ केलेल्या इंग्रजीत शिरतात. असं का करायचं? ज्या भाषेत ओव्या आणि अभंग आहेत, त्या भाषेत देवाला हाक मारायला शब्द कमी पडतील का? 'देवा, याचं मला दे' एवढं म्हटलं तरी इल्मेटरची प्रार्थना पुरी होते.

आता मला सगळ्यात आवडणारी लढाई तुमच्यासमोर मांडतो. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर उत्तम. नियम २०१४ सालच्या आवृत्तीचे.

चार जण आहेत, सगळे तिसऱ्या पातळीचे. पुढे ढालवाला लढवय्या, त्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजायचे गुण, ३१. मागे इल्मेटरची क्लेरिक, म्हणजे मंत्र टाकणारी पुजारीण, लाइफ डोमेन या बरं करणाऱ्या शाखेची, तिचे २४. आणखी दोन साथीदार. समोर दोन ओगर, म्हणजे आडदांड राक्षस, आणि झुडपात तिरकमठा घेतलेला एक गॉब्लिन, हा लहानखुरा राक्षस. नकाशाला गणिताची चौकटीची वही पुरते, एक चौकोन म्हणजे पाच फूट. महागड्या रंगीत बाहुल्यांवाचून कुणाचा खेळ अडत नाही.

क्लेरिक दुसऱ्या पातळीचा एक स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायची मोजकी संधी, खर्चून वॉर्डिंग बाँड हा मंत्र टाकते. इल्मेटरला याहून शोभणारा मंत्र साऱ्या यादीत नाही. प्लॅटिनमच्या दोन अंगठ्या लागतात, प्रत्येकी किमान ५० सुवर्णनाण्यांची. एक तिच्या बोटात, एक लढवय्याच्या. मंत्र तासभर टिकतो. लढवय्याचा आर्मर क्लास, म्हणजे त्याला घाव लागायला शत्रूनं गाठायचा आकडा, एकानं वाढतो, बचावाच्या फाशातही एकाची भर पडते, आणि त्याला होणारी प्रत्येक इजा निम्मी होते. पण जेवढी इजा त्याला, तेवढीच तिला. दोघांत ६० फुटांहून, म्हणजे वहीवर बारा चौकोनांहून जास्त अंतर पडलं की मंत्र तुटतो.

मग ती ब्लेस हा फाशांना बळ देणारा मंत्रही टाकते, बाकीच्या तिघांवर. आता तिला वाटतं, सगळी घडी नीट बसली.

ओगरचा सोटा बसतो. सरासरी इजा १३. निम्मी केली, अपूर्णांक सोडला, उरले ६. सहा लढवय्याचे गेले, सहा क्लेरिकचे. तो २५, ती १८. दुसरा फटका : तो १९, ती १२. तिसरा : तो १३, ती ६. ऐकताय ना? लढवय्या अजून ताठ उभा आहे, म्हणून टेबलावर कुणाला काळजी नाही. तेवढ्यात झुडपातून बाण येतो, क्लेरिकला ५ लागतात. ती १ वर. चौथा सोटा लढवय्याला बसतो, तो ७ वर आणि ती शून्यावर. क्लेरिक बेशुद्ध. ती पडली की मंत्र संपला. पाचवा सोटा पूर्ण तेराचा, लढवय्याकडे सात. तोही कोसळला. तिच्या अंगावर ओगरचा एकही घाव पडला नव्हता, हे विसरू नका.

चूक कुठं झाली? दोघांच्या घागरीतून पाणी सारखंच जातंय, पण तिची घागर लहान आहे. लहान घागर आधी रिकामी होते. टेबलावरचे सगळे मात्र लढवय्याचे आकडे बघत बसतात. वॉर्डिंग बाँड चालू असेल तेव्हा नजर क्लेरिकच्या आकड्यावर हवी. क्लेरिकच्या आकड्यावर.

दुसरी चूक ब्लेसची. त्याला एकाग्रता लागते, ती मोडली की मंत्र सुटतो. वाट्याला आलेला प्रत्येक घाव म्हणजे एकाग्रतेची नवी परीक्षा, वीस बाजूंच्या फाशावर लक्ष्य १०. तिला +२ मिळतात, म्हणजे फाशावर ८ किंवा जास्त हवेत. एकदा जमतं, दोनदा जमतं. पण पहिल्या तिन्ही फटक्यांत टिकण्याची शक्यता तीनांत एकाहूनही कमी आहे, आणि चौथ्याला तर ती शून्यावरच येते. बाण तर मी धरलाच नाही.

मग करायचं काय? तिसऱ्या फटक्यानंतर ती ६ वर आहे, तेव्हाच हीलिंग वर्ड हा जखम भरणारा मंत्र स्वतःवर टाकायचा. चार बाजूंचा फासा, त्यात शहाणपणाचे ३, लाइफ डोमेनचे आणखी ३, तेवढे पॉइंट परत मिळतात. नवी मुलं तो लढवय्यावर टाकतात, कारण स्वतःवर टाकणं त्यांना स्वार्थ वाटतं. तो स्वार्थ नव्हे. ती उभी आहे तोवरच त्याची इजा निम्मी आहे. ते राहून गेलं, तर बाणानंतर ती १ वर, तो १३ वर असताना प्रिझर्व्ह लाइफ ही लाइफ डोमेनची शक्ती वापरायची. तिसऱ्या पातळीला १५ पॉइंट वाटता येतात, पण कुणालाही त्याच्या पूर्ण हिट पॉइंटांच्या निम्म्यापलीकडे नेता येत नाही. तिला ११ दिले की ती १२ वर, त्याला २ दिले की तो १५ वर. स्लॉट लागत नाही, फक्त ॲक्शन, म्हणजे त्या पाळीतली मुख्य कृती, जाते. याशिवाय तिसऱ्या कुणाकडे तरी हीलर्स किट, म्हणजे मलमपट्टीचा संच, असू द्या. पाच सुवर्णनाणी, दहा वेळा चालतं, पडलेल्याचा जीव थोपवतं. क्लेरिकच पडली तर तिच्या झोळीतलं किट कोण काढणार?

दुसऱ्याचं सोसणाऱ्यानं स्वतःलाही जपायला हवं, ही गोष्ट या पंथाला ठाऊक आहे, म्हणून मला तो फार आवडतो. इल्मेटरच्या पंथात ठरलेले वार्षिक सण नाहीत. पण पुजाऱ्याला विसाव्याची विनवणी करता येते. त्या जगाचा आठवडा दहा दिवसांचा, तेवढे दहा दिवस देवाच्या बंधनांतून सुटका. कारण सतत दुसऱ्याचं सोसून मन झिजतं, आणि हे देवाला मान्य आहे. तुमच्या क्लेरिकला मोहिमेत एकदा तरी ही विनवणी करू द्या.

राहिला एक विधी. मरणाऱ्याला अखेरच्या घटकेला इल्मेटरकडे वळवायचं, त्याला दिलासा आणि आशीर्वाद द्यायचा, हे प्रत्येक पुजाऱ्याचं कर्तव्य. तो मरणारा शत्रू असला तरी माझ्या मते क्लेरिकनं त्याच्याजवळ जावं. इथं अडचण येते ती अशी : बहुतेक डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे, राक्षस शून्यावर आला की मेला असंच धरतात, मग जवळ जायला वेळच उरत नाही. म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधी डन्जन मास्टरला सांगून ठेवा : ओगर पडला की त्याला लगेच मारू नका, माझी क्लेरिक त्याच्यापाशी जाणार आहे.

नमस्कार.